बंद घरातला इन्व्हर्टर आणि पीपीएफमधले १,९०,००० रुपये

प्रश्न: मी मुलुंडला राहतो, वय ५६. शहापूर तालुक्यातल्या आमच्या घराला महावितरणची जोडणी नाही. दोन वर्षांपूर्वी २,६०,००० रुपयांत ५ केव्हीएचा इन्व्हर्टर-चार्जर, ६६० वॅटची सौर पॅनेल आणि १२ व्होल्ट, १५० एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या (त्यांचेच ७२,००० रुपये) बसवल्या. आम्ही फक्त शनिवार-रविवारी जातो. आठवडाभर घरात काहीच चालू नसते, तरी पावसाळ्यात शनिवारी बॅटऱ्या उतरलेल्या असतात. विक्रेता १,९०,००० रुपयांत आणखी चार बॅटऱ्या आणि दोन पॅनेल सुचवतो. ७८,००० रुपये अनुदान मिळेल आणि पाच वर्षांत खर्च वसूल होईल, असे म्हणतो. पैसे पीपीएफमधून काढावेत की कर्ज घ्यावे?

उत्तर: दोन्ही करू नये. आपण विचारले आहे पैसे कुठून आणावेत, पण आपल्या पत्रातली खरी चूक ‘काहीच चालू नसते’ या शब्दांत आहे.

इन्व्हर्टर चालू असतो. एकही दिवा लागलेला नसला, तरी तो बॅटरीतला डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह अखंड २३० व्होल्टच्या, घरातल्या उपकरणांना लागणाऱ्या एसी (दिशा बदलत्या) प्रवाहात बदलत राहतो आणि त्यासाठी स्वतःच वीज खातो. यंत्राची क्षमता जितकी मोठी, तितका हा खर्च सहसा अधिक. ५ केव्हीएसाठी ६० वॅट धरले, तर दिवसाला १.४ युनिट आणि वर्षाला सुमारे ५०० युनिट होतात. आपण वर्षातले १०४ दिवस तिथे असता. पंखे, दिवे आणि थोडा वेळ पंप मिळून रोज २ युनिट धरले, तरी कुटुंबाचा वापर २०० युनिटच भरतो. म्हणजे घरच्या माणसांपेक्षा अडीच पट वीज ते यंत्र खाते, आणि त्यातली बरीचशी घराला कुलूप असताना!

आपली पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे अडीच युनिट देतात, त्यातला निम्म्याहून अधिक वाटा इथेच जातो. भर पावसाळ्यात उत्पादन एका युनिटवर आले, की पाच दिवसांत ५ युनिट येतात आणि ७ जातात. त्यावर विक्रेत्याने सुचवलेला वाढीव बॅटऱ्यांचा उपाय मला मुळीच पटत नाही, कारण हौद मोठा केल्याने नळाला पाणी वाढत नाही; शिवाय दोन वर्षे वापरलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना (ट्युब्युलर हा त्यांचाच प्रकार) नव्या जोडल्या, तर नव्यांचेही आयुष्य घटते. आठवडेच्या आठवडे अर्धवट उतरलेल्या राहिल्याने आपल्या जुन्या बॅटऱ्या पाचऐवजी तीन वर्षांत गेल्या, तर वर्षाचा भार १४,४०० वरून २४,००० रुपयांवर जातो. आपले खरे नुकसान हे आहे.

अनुदानाची आशा सोडावी. घराच्या छतावरील सौरऊर्जेसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपयांचे साहाय्य वीजजाळ्याला जोडलेल्या, किमान ३ किलोवॅटच्या घरगुती संचासाठी आहे. आपला संच या दोन्हींत बसत नाही. ‘खर्च वसूल’ हे तर उघड दिशाभूल करणे आहे, कारण वर्षाच्या २०० युनिटांना १० रुपये दर लावला तरी बचत २,००० रुपयांचीच होते. उलट तेच १,९०,००० रुपये सध्याच्या ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये राहिले, तर दहा वर्षांत सुमारे ३,८०,००० होतील, तेही करमुक्त आणि आपल्या निवृत्तीनंतरच्या वर्षांत. कर्ज तर याहून महाग पडेल.

येत्या शनिवारी रात्री सर्व दिवे-पंखे बंद करून बॅटरीच्या केबलवर इलेक्ट्रिशियनकडून डीसी क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारे उपकरण) लावून घ्यावा. जो अँपिअर येईल, त्याला ४८ ने (चार बॅटऱ्यांचे मिळून ४८ व्होल्ट) गुणले की यंत्राचा स्वतःचा वापर वॅटमध्ये कळेल. रविवारी निघताना केवळ घराचा मेन स्विच नव्हे, तर इन्व्हर्टरचाच स्विच बंद करावा. तो बंद असतानाही पॅनेलमधून बॅटऱ्या चार्ज होत राहतात ना, याची आधी खात्री करून घ्यावी. चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) वेगळा असेल तर अडचण येऊ नये, एकाच पेटीत असेल तर सेटिंग पाहावे लागेल. काही यंत्रांत भार शोधणारी बचतीची सोय असते, मात्र एखादा छोटा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर तिला अनेकदा जाणवतच नाही, म्हणून ती वापरून पाहूनच ठरवावे. ५ केव्हीए आपल्याला बहुधा पंपाच्या सुरुवातीच्या झटक्यासाठी विकला गेला असावा. दिवे-पंख्यांसाठी एक छोटा ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर वेगळा घेऊन मोठा फक्त पंपापुरता चालू केला, तर राहत्या दिवसांतलीही गळती कमी होईल.

एवढे करून एक पावसाळा जाऊ द्यावा. त्यानंतरही वीज कमी पडली, तर फक्त पॅनेल वाढवावीत, तीही पगारातल्या बचतीतून, आणि त्या वेळी विक्रेत्याकडून यंत्राचा भाराविना होणारा वीजवापर लेखी घ्यावा.