हेड बदललं, तरी डेटा का येत नाही?

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोन करणार होतो, पण तू विचारलंयस ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ‘हो काका, हो काका’ करत राहशील आणि फोन ठेवल्यावर पुन्हा तोच स्क्रू पिळशील. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या ड्राइव्हला करंट देऊ नकोस.

तुझी अडचण मला कळली ती अशी. नाशिकरोडच्या फोटोग्राफरचा लग्नांच्या फोटोंचा दोन टीबीचा हार्ड ड्राइव्ह, एक हेड (चकतीवरचा डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) गेलेलं. तू एमजी रोडवरून त्याच मॉडेलचा जुना ड्राइव्ह आणलास, त्याचा हेड स्टॅक, म्हणजे सगळ्या हेडांचा एकत्र संच, काढून यात बसवलास. पेशंटचं, म्हणजे फोटोग्राफरच्या ड्राइव्हचं, पीसीबी (सर्किट बोर्ड) जरा काळवंडलेलं दिसलं म्हणून डोनरचं, म्हणजे त्या जुन्या ड्राइव्हचं, पीसीबीही लावून टाकलंस. ड्राइव्ह फिरला, थोडा टिकटिकला, रेडी झाला, क्षमताही बरोबर दाखवली. पण वाचायला घेतल्यावर मधल्या भागातले काही सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) आले; सुरुवातीचे आणि शेवटचे येतच नाहीत. आता तू विचारतोस, ‘काका, हेड अलाइन कसं करायचं? कुठला स्क्रू?’

असा स्क्रूच नाही. पण मधला भाग वाचला जातो आणि दोन्ही टोकं नाहीत, हे जे तू पाहिलंस, त्यात निम्मं उत्तर आहे. तिकडे येतोच.

आधी स्क्रूचं सांगतो, कारण एके काळी तो खरंच होता. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आम्ही स्क्रू ढिले करूनच जुळवायचो. खास अलाइनमेंट डिस्क मिळायची, त्यातल्या ठरावीक ट्रॅकवर (डेटाच्या वर्तुळाकार रेघेवर) मुद्दाम आत-बाहेर सरकवलेला सिग्नल असायचा. ऑसिलोस्कोपवर त्याचे डोळ्यांसारखे दोन फुगवटे दिसत. हेड ट्रॅकच्या बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही फुगवटे सारख्या उंचीचे. एक मोठा, एक छोटा दिसला की स्टेपर मोटरचे (हेडला मोजक्या पावलांनी सरकवणाऱ्या मोटरचे) स्क्रू सैल करायचे, मोटर केसभर फिरवायची, फुगवटे सारखे झाले की स्क्रू आवळायचे. आवळताना पुन्हा सरकायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दुसरी गोष्ट वेळेची: इंडेक्सचं भोक सेन्सरसमोरून गेल्यावर नेमक्या किती मायक्रोसेकंदांनी सिग्नल सुरू होतो ते मोजायचं. 300 आरपीएमला फ्लॉपीचा एक फेरा 200 मिलिसेकंदांचा, त्यात इतकी बारीक मोजणी.

एवढा खटाटोप का, तर फ्लॉपी एका मशीनवर लिहायची आणि दुसऱ्यावर वाचायची. हार्ड डिस्कचंही आधी तसंच होतं. मोठ्या कॉम्प्युटरचे काढता-घालता येणारे डिस्क पॅक असत. एका ड्राइव्हवर लिहिलेला पॅक शेजारच्या ड्राइव्हवर वाचला गेला पाहिजे, म्हणून सर्व्हिस इंजिनीअर प्रमाण पॅक घेऊन फिरत आणि प्रत्येक हेड हाताने जुळवत. 1973 मध्ये आयबीएमने 3340 आणला, ज्याला सगळे विंचेस्टर म्हणतात. त्यात हेड आणि प्लॅटर (डेटाच्या चकत्या) एकाच बंद डब्यात ठेवले. ज्या हेडने लिहिलं तेच हेड कायम वाचणार. मग ते जगातल्या इतर हेडांशी जुळतं की नाही याच्याशी कुणाला काय करायचंय? जुळवाजुळवीचा प्रश्नच संपला. आजचा प्रत्येक हार्ड ड्राइव्ह याच वळणाचा. तू हेड बदललंस म्हणजे काय केलंस, तर हा संपलेला प्रश्न पुन्हा उकरून काढलास. एकाने लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला निघालास, आणि तेही अशा यंत्रात की ज्यात ते व्हावं अशी कुणी सोयच केलेली नाही.

मधल्या काळातले स्टेपर मोटरचे हार्ड ड्राइव्ह तू पाहिलेले नाहीस. एसटी-225 नावाचा वीस एमबीचा ड्राइव्ह तेव्हा जिकडेतिकडे असायचा. मोटरने मोजून पावलं टाकायची आणि खाली ट्रॅक असेल असं धरून चालायचं. खरंच आहे का, हे बघायला डोळा नाही. मे महिन्याच्या दुपारी फॉरमॅट केलेला ड्राइव्ह डिसेंबरात पहाटे निफाडच्या थंडीत सुरू केला की ‘सेक्टर नॉट फाउंड’. धातू आकसलेला, हेड ट्रॅकच्या कडेला. लोक अर्धा तास मशीन नुसतं चालू ठेवून चहा प्यायचे, मग काम सुरू.

आज तसं होत नाही, कारण डोळा प्लॅटरवरच बसवलेला असतो. प्रत्येक ट्रॅकवर ठरावीक अंतराने सर्व्होच्या, म्हणजे हेडला त्याची जागा सांगणाऱ्या खुणांच्या, पट्ट्या असतात, एका फेऱ्यात शेकडो. हेड त्या प्रत्येक पट्टीवर आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत आणि मध्यापासून किती ढळलो आहोत ते वाचतं, आणि व्हॉइस कॉइल (हेडला हलवणारी गुंडाळी) त्याला परत जागेवर आणते. 7200 आरपीएमला एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा. फेऱ्यात तीनशे पट्ट्या धर, म्हणजे साधारण दर 28 मायक्रोसेकंदांनी एक पट्टी. लिहिताना पुढची पट्टी यायच्या आत राइट गेट, म्हणजे लिहिण्याचा सिग्नल, बंद झालंच पाहिजे. उशीर झाला तर डेटा त्या पट्टीवर लिहिला जाईल, आणि सर्व्हो पट्टी एकदा पुसली की तुझ्या-माझ्या टेबलावर ती पुन्हा लिहिता येत नाही. ते काम कारखान्यात एकदाच होतं.

आता मुख्य मुद्दा. 1991 पर्यंत लिहायला आणि वाचायला हेडमध्ये एकच गुंडाळी होती. त्या वर्षी आयबीएमने मॅग्नेटोरेझिस्टिव्ह हेड बाजारात आणलं आणि तेव्हापासून रीडर वेगळा, रायटर वेगळा. दोघं एकाच स्लायडरवर (हेडच्या चिमुकल्या ठोकळ्यावर), पण एकामागे एक, मध्ये काही मायक्रॉनचं अंतर.

हे कर: कागदावर कंपासने एकात एक अशी दहाबारा वर्तुळं काढ. कोपर कागदाबाहेर टेबलावर घट्ट टेकव. दोन पेन्सिली मुठीत अशा धर की एकीचं टोक दुसरीच्या मागे, दोन्ही हाताच्या रेषेत. कोपर न हलवता मधल्या वर्तुळावर टोकं आण. जिथे हाताची रेष वर्तुळाला समांतर असेल तिथे दोन्ही टोकं एकाच वर्तुळावर बसतील. आता कोपर तिथेच ठेवून हात बाहेरच्या वर्तुळाकडे फिरव. हात तिरपा झाला, आणि एक टोक एका वर्तुळावर तर दुसरं शेजारच्या. आत नेलंस तर उलट्या बाजूला तेच.

ड्राइव्हमधला आर्मही असाच खुंटीवर फिरतो. आकडे घालून बघ. रीडर-रायटरमधलं अंतर 5 मायक्रॉन धर, टोकाला तिरपेपणा 15 अंश. दोघांमध्ये आडवं अंतर पडलं सुमारे 1.3 मायक्रॉन. इंचाला चार लाख ट्रॅक धरले तर एक ट्रॅक सुमारे 64 नॅनोमीटरचा. म्हणजे टोकाच्या भागात रीडर आणि रायटर एकमेकांपासून वीसेक ट्रॅक लांब असतात! हे कळलं तेव्हा मी दोनदा गणित तपासलं होतं. म्हणून ड्राइव्ह लिहिताना रीडरला एका ट्रॅकवर धरतो आणि रायटर भलतीकडे लिहीत असतो. नंतर वाचताना रीडरला तेवढंच सरकवून तिथे न्यावं लागतं. या सरकवण्याला मायक्रोजॉग म्हणतात. किती सरकवायचं हे आतल्या, मधल्या, बाहेरच्या भागासाठी वेगळं आणि प्रत्येक हेडसाठी वेगळं, कारण बनवतानाच रीडर-रायटर तंतोतंत एका रेषेत येत नाहीत.

वेळेचंही असंच. बाहेरच्या कडेला प्लॅटर हेडखालून सेकंदाला सुमारे 35 मीटर वेगाने जातो, आतल्या बाजूला 15 मीटरच्या आसपास. तेच 5 मायक्रॉन पार करायला बाहेर सुमारे 145 नॅनोसेकंद लागतात, आत तीनशेच्या वर. सेकंदाला 200 एमबी वाचणाऱ्या ड्राइव्हसाठी 145 नॅनोसेकंदांत दोनशेवर बिट निघून जातात. रीडरने पट्टी पाहिल्यावर रायटर कधी चालू करायचा, हा हिशेबही जागेप्रमाणे बदलतो.

हे सगळे आकडे कारखान्यात त्या एका ड्राइव्हवर मोजून त्याच ड्राइव्हमध्ये ठेवलेले असतात. काही पीसीबीवरच्या रॉममध्ये, काही प्लॅटरच्या सर्व्हिस एरियात (ड्राइव्हने स्वतःसाठी राखलेल्या भागात). कंपनी आणि फॅमिलीप्रमाणे वाटणी वेगळी. मॉडेल नंबर सारखा म्हणून आकडे सारखे, असं मुळीच नाही.

आता तुझा ड्राइव्ह. डोनरचं पीसीबी त्याच्या रॉमसकट लावलंस, म्हणजे फोटोग्राफरच्या प्लॅटरवर तू दुसऱ्याच ड्राइव्हचे आकडे चालवतो आहेस. मध्यभागी तिरपेपणा जवळजवळ शून्य, म्हणून चुकीचा आकडाही तिथे खपून जातो. टोकांना खपत नाही. तुझी लक्षणं याच्याशी इतकी जुळतात की माझा पहिला संशय हाच. पेशंटच्या पीसीबीवरची आठ पायांची रॉम चिप हॉट एअरने उतरवायची, आधी प्रोग्रॅमरवर तिची कॉपी काढून ठेवायची, आणि मग ती डोनरच्या पीसीबीवर बसवायची. ती चिप हरवली किंवा जळली, तर फोटो परत येण्याची वाट जवळपास बंद होईल.

इथे एक बारकी गोष्ट आहे, आणि ती न समजता वर्षानुवर्षं काम करणारे लोक मी पाहिलेत. डेटा सर्व्होच्या तुलनेत कुठे पडला आहे, हे जुन्या हेडने लिहिलं तेव्हाच ठरलं. नवा रीडर सर्व्हो पाहूनच चालतो, म्हणून वाचण्यासाठी पेशंटचाच जॉग बरोबर. पण हेडला उंची राखण्यासाठी हीटरला किती करंट द्यायचा, रीडरला किती बायस करंट, हे आकडे हेडच्या अंगाचे असतात, आणि रॉममध्ये मात्र ते जुन्या हेडचे आहेत. वाचताना हेड प्लॅटरपासून मोजक्या नॅनोमीटरवर असतं. तिथे हीटर जास्त तापला तर घासलं जाईल. म्हणून डोनर निवडताना नुसतं मॉडेल नाही, तर हेड मॅप (कुठली हेडं वापरात आहेत ते), प्रीॲम्प (हेडचा सिग्नल वाढवणारी चिप), कारखाना, तारीख आणि दोन्ही रॉममधले जॉगचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. जॉग जवळचे, तर हेडंही एकाच घडणीची असण्याचा संभव जास्त.

आणि लिहायचं मात्र अजिबात नाही. नवा रायटर त्याच्या रीडरपासून वेगळ्या अंतरावर आहे. ड्राइव्हने स्वतःहून एखादी स्मार्टची (स्वतःच्या तब्येतीची) नोंद जरी लिहिली, तरी ती भलत्या ट्रॅकवर पडू शकते आणि चांगला डेटा किंवा सर्व्हिस एरिया कापला जाऊ शकतो. तू तो ड्राइव्ह थेट विंडोजला जोडलास असं मेसेजवरून दिसतंय. विंडोज डिस्क दिसली की तिच्यावर काहीतरी लिहू शकतं. पीसी-3000 वर (डेटा परत मिळवायच्या खास यंत्रावर) घे, आधी रिॲलोकेशन (खराब सेक्टरची बदली), स्मार्टच्या नोंदी आणि ड्राइव्ह आपोआप चालवतो ते स्कॅन बंद कर, मगच पहिला सेक्टर माग.

यंत्राच्या भागाबद्दल थोडक्यात, कारण तुझा हात चांगला आहे. स्टॅक रॅम्पवरून (हेडं टेकवायच्या उतारावरून) काढताना हेड कोंब (हेडं एकमेकांना भिडू न देणारा कंगवा) वापरतोस ना? प्लॅटरचा क्लॅम्प कधीही सैल करायचा नाही. सर्व्हो पट्ट्यांची वर्तुळं आत्ताच्या केंद्राभोवती आहेत. प्लॅटर केसाच्या जाडीएवढा सरकला तर एका फेऱ्यात हेडखालून हजार-दोन हजार ट्रॅक इकडून तिकडे जातील. आणि काही ड्राइव्हमध्ये झाकणाचा एक स्क्रू थेट आर्मच्या खुंटीत जातो. झाकण ठेवून तो न आवळता ड्राइव्ह चालवला तर खुंटी किंचित झुकते आणि चांगली हेडंही वाचेनाशी होतात. तुझ्या ड्राइव्हला तसा स्क्रू आहे का, हे बघून मला कळव.

अंबडच्या त्या प्रेस शॉपचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) तू ‘स्लो हार्ड डिस्क’ म्हणून बदलून दिला होतास, तेही याच्यातच बसतं. पॉवर प्रेसच्या शेजारच्या रॅकवर तो ठेवला होता. प्रत्येक ठोक्याला हेड ट्रॅकवरून हलतं, ड्राइव्ह शेजारचा ट्रॅक बिघडू नये म्हणून लिहिणं थांबवतो आणि पुढच्या फेऱ्याची वाट बघतो. दिवसभर असे फेरे वाया. नवीन डिस्कही तिथेच ठेवली असशील तर ती पण ‘स्लो’ होणार. ऑफिसच्या भिंतीवर लाव.

गावात ‘हेड अलाइन करून मिळेल’ अशा पाट्या आहेत. गिऱ्हाईक तुलाही तेच विचारेल, कारण त्याने तोच शब्द ऐकलाय. त्याच्याशी वाद घालू नकोस. फोटोग्राफरला मात्र आजच सांग की ड्राइव्ह आधी उघडला गेला आहे, हेड बदललं आहे आणि सगळं येईलच असं नाही. लग्नं दुसऱ्यांची आहेत. त्याला त्यांना तोंड द्यायचंय. जी हेडं धड आहेत त्यांची इमेज आधी घ्यायची, टाइमआउट कमी ठेवून, न आलेलं सोडून पुढे जायचं. कमजोर हेडला शेवटी हात लावायचा, कारण एका सेक्टरवर शंभर वेळा प्रयत्न करत बसलास तर ते तिथेच जीव सोडेल.

या आठवड्यात संध्याकाळी कधीही सातनंतर ये. येताना पेशंट ड्राइव्ह, त्याचं मूळ पीसीबी रॉमसकट, काढलेला जुना हेड स्टॅक आणि डोनरचं लेबल दिसेल असा फोटो आण. पीसीबी अँटिस्टॅटिक पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून नको. रॉम मी उतरवून देईन, बसवायची तू.

कळावे,
काका