सोफिया स्मिथने दोनच वर्षांत स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडले, तो निर्णय घाईचा होता का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेची आघाडीपटू सोफिया स्मिथ हिची महाविद्यालयीन कामगिरी नेमकी कशी होती, आणि चार वर्षांची संधी असताना दोनच हंगामांनंतर व्यावसायिक फुटबॉलकडे वळण्यात तिने घाई केली का. माझ्या मते घाई केली नाही. मात्र 2021 च्या अखेरीस हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर इतक्या ठामपणे उत्तर देता आले नसते.

सोफियाचा जन्म 2000 चा, कोलोरॅडो राज्यातल्या विंडसरचा. घरात खरा खेळ बास्केटबॉलचा. वडील आणि बहीण दोघेही महाविद्यालयीन पातळीवर तोच खेळले. सोफिया फुटबॉलकडे वळली आणि सोळाव्या वर्षीच तिला राष्ट्रीय वरिष्ठ संघाच्या सराव शिबिराचे बोलावणे आले. असे असले तरी, तिच्या वयोगटातल्या अमेरिकी संघांच्या वाट्याला यश आले नाही: 2016 चा सतरा वर्षांखालील आणि 2018 चा वीस वर्षांखालील, अशा दोन्ही विश्वचषकांत ती खेळली आणि दोन्ही वेळा संघ गटसाखळीतच गारद झाला.

2018 मध्ये ती स्टॅनफर्डमध्ये दाखल झाली. अमेरिकेतला महाविद्यालयीन हंगाम जेमतेम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच असतो आणि आठवड्याला बहुधा दोन सामने होतात, त्यामुळे मध्येच जायबंदी झालेल्या खेळाडूचे वर्षच वाया जाते. सोफियाचेही तसेच झाले. पहिल्या हंगामात 7 गोल झाले असताना तिचा घोटा मोडला आणि उरलेले सामने तिला बाहेर बसून पाहावे लागले.

म्हणूनच 2019 चा हंगाम महत्त्वाचा. त्या संघात मूळची ब्राझीलची कॅटरिना मकारिओ होती. तिने त्या वर्षी 32 गोल केले आणि 23 गोलांना साहाय्य केले. अशा खेळाडूच्या शेजारी खेळताना झाकोळून जाणे सहज शक्य होते, परंतु बचावफळीच्या मागची मोकळी जागा हेरून वेगाने चेंडू घेऊन शिरणे हे सोफियाचे बलस्थान असल्याने दोघींचा खेळ एकमेकींना पूरक ठरला आणि सोफियाच्या नावावर 17 गोल लागले. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या सॅन होजे येथे झालेल्या उपांत्य सामन्यात स्टॅनफर्डने यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) संघाला 4-1 असे हरवले, त्यातले तीन गोल तिचे होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेनंतरही एकही गोल झाला नाही. मग पेनल्टी शूटआउटमध्ये स्टॅनफर्डची गोलरक्षक केटी मेयर हिने दोन पेनल्टी अडवल्या आणि विजेतेपद स्टॅनफर्डकडे गेले.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2020 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडत ती प्रक्रिया) पोर्टलंड थॉर्न्स या क्लबने तिला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्या लीगच्या ड्राफ्टमध्ये विशीच्या आतल्या खेळाडूची निवड होण्याची ती पहिलीच वेळ होती. या पहिल्या क्रमांकासाठी पोर्टलंडने विश्वविजेत्या संघातली बचावपटू एमिली सॉनेट ऑर्लँडो या क्लबला देऊन टाकली होती, यावरून क्लबने किती मोठा डाव लावला होता हे दिसते.

त्यानंतरचा काळ मात्र संथ गेला. पहिल्या वर्षी करोना आणि दुखापत यांमुळे सामने मोजकेच मिळाले. नोव्हेंबर 2020 मध्ये नेदरलँड्सविरुद्ध ती राष्ट्रीय संघातून मैदानात उतरली खरी, पण टोकियो ऑलिंपिकच्या चमूत तिला स्थान मिळाले नाही. टीकाकारांना बोलायला तेव्हा जागा होती. त्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी होती: स्टॅनफर्ड ज्या गटात खेळत असे, त्या गटाने 2020 चा शरद हंगामच पुढे ढकलला होता, म्हणजे थांबूनही ते महिने रिकामेच गेले असते. अर्थात निर्णय घेताना हे कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा त्याचे श्रेय तिला देण्यात अर्थ नाही. श्रेय द्यायचेच तर ते या गोष्टीचे की, रोजच्या सरावात अनुभवी बचावपटूंशी गाठ पडेल अशी जागा तिने लवकर निवडली. बहुतेक महाविद्यालयीन सामन्यांत निव्वळ वेगावर निभावते. व्यावसायिक लीगमध्ये तेवढ्याने भागत नाही.

त्याचे फळ 2022 मध्ये दिसले. नियमित हंगामात 14 गोल आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी लीगची सर्वोत्तम खेळाडू हा किताब, तोही आजवरच्या सर्वांत तरुण मानकरी म्हणून. त्याच वर्षी कॅन्सस सिटीविरुद्धच्या अंतिम सामन्यात चौथ्याच मिनिटाला, बचावफळीची गफलत होताच तिने चेंडू पळवला, पुढे आलेल्या गोलरक्षकाला वळसा घातला, रिकाम्या जाळ्यात चेंडू सारला आणि प्रेक्षकांकडे पाहत फक्त खांदे उडवले. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेत झालेला एकमेव गोलही तिचाच.

आपल्याला तिचे अलीकडचे सामने शोधायचे असतील, तर सोफिया विल्सन या नावाने शोधा. विवाहानंतर 2025 पासून ती ते नाव वापरते. 2019 च्या उपांत्य सामन्याची क्षणचित्रे मात्र स्मिथ याच नावाखाली सापडतील.