समुद्री शेलमधले वाळूचे कण चिकटवलेले फोरम कसे ओळखायचे आणि वर्गीकरण कोणाचं धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही नागपुरात एमएस्सी जिऑलॉजी करताय, गाईडनी खोल समुद्रातल्या क्रेटेशियस-पॅलिओसीन शेलचे (चिखलापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे) नमुने दिलेत, धुतल्यावर चुन्याचे फोरम (फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच करणारे एकपेशीय समुद्री जीव) जवळपास नाहीतच, सगळे वाळूचे दाणे चिकटवलेले आणि त्यातले निम्मे चपटे झालेले, एकाला तुम्ही रिकर्व्हॉइडेस म्हणताय, आणि आता वर्गीकरणाबद्दल एक पुस्तक एक सांगतं, नवीन पेपर दुसरंच सांगतो, तर काय धरायचं. मी याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगतो की चुन्याचे फोरम नाहीत म्हणजे नमुना खराब आहे असं समजू नका. समुद्रात एका खोलीच्या खाली कॅल्साइट विरघळून जातं, आजच्या महासागरांत ही पातळी साधारण ४ ते ५ किलोमीटरवर आहे, त्या खाली चुन्याचं कवच टिकत नाही आणि अॅग्लुटिनेटेडवालेच, म्हणजे कण चिकटवून कवच करणारेच, उरतात. शिवाय पुरल्यानंतरही आम्लधर्मी पाण्याने चुना जाऊ शकतो. म्हणून नुसतं "चुना नाही म्हणजे खूप खोल" असं रिपोर्टमध्ये लिहू नका, दोन्ही शक्यता असतात आणि कोणती ते फोरमच्या प्रकारांवरून ठरवावं लागतं.

आता ओळखण्याकडे येऊ. नवीन माणूस सरळ आकार बघतो, गोल आहे, लांब आहे, गुंडाळलेला आहे, आणि अॅटलासमध्ये तसा फोटो शोधत बसतो. मी म्हणतो भिंत आधी बघा. हा एकपेशीय जीव गवंड्यासारखं काम करतो, आजूबाजूचे कण उचलतो आणि आपल्या सिमेंटने जोडतो, आणि कण कोणते घेतले, किती बारीक घेतले, सिमेंट कशाचं आहे, भिंतीत पोकळ्या आहेत की ती सलग आहे, यावर अर्धं वर्गीकरण उभं आहे. काही प्रकार जे मिळेल ते घेतात, काही फारच निवडक असतात, टेक्निटेलासारखे स्पंजच्या काड्या वेचून त्या ओळीने लावतात. म्हणून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सगळ्यात मोठं मॅग्निफिकेशन लावा आणि दोन दाण्यांच्या मधली जागा बघा, दाण्यांपेक्षा ती जास्त सांगते.

सिमेंट ऑर्गॅनिक आहे की चुन्याचं हे तपासायला त्याच प्रकारचा एखादा तुटका नमुना घ्या, चांगला घेऊ नका, आणि त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाका. ऑर्गॅनिक सिमेंटवाला तसाच राहतो, चुन्याचं सिमेंट असेल तर फसफसून दाणे सुटे होतात. पण यात दोन खोट आहेत. एक म्हणजे सिमेंट ऑर्गॅनिक असूनही दाणे चुनखडीचे असले तर फेस येतोच, तेव्हा फेस आला का यापेक्षा कवच मोडलं का हे बघायचं. दुसरं म्हणजे जुन्या खडकात मूळ सिमेंटच्या जागी सिलिका आलेली असते, मग मुळात चुन्याचं असलेलंही अॅसिडला दाद देत नाही. म्हणून एका दाण्यावर निकाल देऊ नका.

भिंतीनंतर कप्प्यांची मांडणी. तुमच्या नमुन्यांच्या वयाच्या खोल पाण्यातल्या शेलमध्ये जे नेहमी भेटतात ते असे. नुसत्या नळ्या, म्हणजे बॅथिसिफॉन, ऱ्हॅब्डॅमिना, ऱ्हिझॅमिना, यांचे तुकडेच मिळतात, अख्खी नळी मिळेल ही अपेक्षा सोडा. गोळे, म्हणजे सॅमोस्फेरा ज्याला स्पष्ट तोंड नसतं आणि सॅकॅमिना ज्याला एकच तोंड असतं, बऱ्याचदा छोट्या मानेवर. एकच नळी एका पातळीत चकलीसारखी गुंडाळली तर अॅमोडिस्कस, तीच लोकरीच्या गुंड्यासारखी वेडीवाकडी गुंडाळली तर ग्लोमोस्पायरा, आणि आधी वेडीवाकडी मग एका पातळीत असेल तर ग्लोमोस्पायरेला. कप्पे एका रांगेत एकावर एक असतील तर रिओफॅक्स किंवा हॉर्मोसिनाकडचे.

कप्पे असलेले आणि गुंडाळलेले, इथे खरी डोकेदुखी सुरू होते. एका पातळीत गुंडाळलेला आणि शेवटच्या कप्प्याच्या पायाशी फटीसारखं तोंड असेल तर हॅप्लोफ्रॅगमॉइडेस. तोंड पायापासून थोडं वर, कप्प्याच्या दर्शनी भागात गेलं की क्रिब्रोस्टोमॉइडेस. गुंडाळण्याचा अक्षच वाढता वाढता फिरत गेला तर रिकर्व्हॉइडेस. एका बाजूने सगळे वेढे दिसतात आणि दुसऱ्या बाजूने फक्त शेवटचा, तर ट्रोकॅमिना. भिंत जाड आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ्यांची असेल तर सायक्लॅमिना, हे तुटक्या नमुन्यातच नीट दिसतं, म्हणून तुटके फेकू नका. कप्पे दोन रांगांत असतील तर टेक्स्टुलारिया म्हणायची घाई काहून करता, आधी टोक बघा, सुरुवातीला छोटी गुंडाळी आहे का, असेल आणि भिंत सलग असेल तर स्पायरोप्लेक्टॅमिना. सुरुवातीला तीन रांगा आणि मग दोन असतील तर गॉड्रियिना, सुरुवातीला चार किंवा जास्त आणि मग दोन असतील तर डोरोथिया.

तिसरं म्हणजे तोंड, अॅपर्चर. फॉसिलमध्ये ते हमखास गाळाने भरलेलं असतं किंवा दाबून बंद झालेलं असतं, आणि जीनस ठरवायला तेच लागतं. एक तीन शून्य नंबरचा बारीक केसांचा ब्रश आणि एक बारीक सुई घ्या, ब्रश चित्रकलेच्या दुकानात सीताबर्डीवर मिळून जातो. मग नमुना पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओला करा. कोरड्यात नुसता वाळूचा लाडू वाटणाऱ्या नमुन्यात ओला केल्यावर आतले कप्पे आणि त्यांच्या मधल्या रेषा दिसायला लागतात. ही साधी गोष्ट बरेच जण करत नाहीत आणि थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या मागे लागतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पृष्ठभाग सुंदर दाखवतो, भिंतीसाठी आणि फोटोसाठी पाहिजेच, पण आतली गुंडाळी त्यात दिसत नाही, त्यासाठी ओला नमुना किंवा पातळ छेद.

चपट्या नमुन्यांबद्दल तुम्ही खास विचारलंय. शेल दबतो तेव्हा ऑर्गॅनिक सिमेंटचं कवच वाकतं, चपटं होतं, चुन्याच्या कवचासारखं सहसा फुटत नाही. त्यामुळे एकच ट्रोकॅमिना वरून दबली तर एक आकार दिसतो, बाजूने दबली तर दुसरा, आणि यादीत दोन स्पीशीज वाढतात. उपाय हाच की एका नमुन्यावरून नाव ठरवू नका, सारखी भिंत आणि सारखे दाणे असलेले सगळे एका स्लाइडवर शेजारी शेजारी लावा, कमी दबलेल्यापासून पूर्ण दबलेल्यापर्यंत अशी रांग करा, मग दिसतं की हे सगळे एकच आहेत. जिथे रांग जुळत नाही तिथेच वेगळी स्पीशीज माना.

आता वर्गीकरण. लोएब्लिक आणि टॅपन यांचा १९८७ चा जीनसचा ग्रंथ अजूनही टेबलावर असायलाच हवा, कारण जीनसची वर्णनं आणि चित्रं एका जागी तिथे आहेत. पण त्यात सगळे अॅग्लुटिनेटेड टेक्स्टुलॅरिना या एकाच सबऑर्डरमध्ये आहेत. नंतर कॅमिन्स्की यांनी २००४ मध्ये अॅस्ट्रोऱ्हायझिडा, लिट्युओलिडा, लॉफ्ट्युसिडा, टेक्स्टुलारिडा अशा ऑर्डरमध्ये मांडणी केली आणि २०१४ मध्ये ती सुधारली, ही मुळात भिंत आणि कप्पे बघून केलेली असल्याने फॉसिलवर काम करणाऱ्याला सोयीची आहे. मग २०१३ मध्ये पावलोव्स्की, होल्झमन आणि टायझका यांनी डीएनएच्या आधाराने वेगळंच चित्र दाखवलं, नळीसारखे कप्पे असणारे ट्युबोथॅलमिया आणि गोलसर कप्पे असणारे ग्लोबोथॅलमिया असे दोन मोठे वर्ग, आणि एककप्पी सगळे वेगळे. त्यात अॅग्लुटिनेटेड हा एक गटच उरत नाही. मिलिअॅमिना बघा, कण चिकटवून कवच करते तरी डीएनए तिला चुन्याच्या मिलिओलिडांजवळ नेतो, आणि तिच्या कप्प्यांची मांडणी बघितली तर ते पटतंही.

माझं स्पष्ट मत असं की प्रोजेक्टमध्ये जीनससाठी लोएब्लिक-टॅपन, वरच्या पातळीसाठी कॅमिन्स्की, आणि पावलोव्स्की यांचा उल्लेख प्रस्तावनेत एका परिच्छेदात, एवढं करा आणि सगळीकडे तेच पाळा. अर्धं एकाचं अर्धं दुसऱ्याचं केलं की परीक्षक तिथेच पकडतात. पॅलिओजीनच्या (पॅलिओसीन ज्याचा पहिला भाग आहे त्या काळाच्या) स्पीशीजसाठी कॅमिन्स्की आणि ग्रॅडस्टाइन यांचा २००५ चा अॅटलास घ्या, खोल पाण्यातल्या स्पीशीजना तिकडे मूळ नमुन्यांचे फोटो आणि जुन्या नावांची साखळी दोन्ही मिळतात. हे महत्त्वाचं अशासाठी की यातल्या बऱ्याच स्पीशीज पोलंडच्या ग्रझिबोव्स्की यांनी १८९० च्या दशकात कार्पेथियन पर्वतातल्या तेलविहिरींच्या नमुन्यांतून वर्णन केल्यात, तेव्हाची चित्रं साधी होती आणि पुढे शंभर वर्षं लोक त्याच प्राण्याला नवी नवी नावं देत राहिले. चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेवरचा ब्रेडी यांचा १८८४ चा रिपोर्ट, ११५ प्लेट्सचा, तोही बघा, आजच्या जिवंत जातींची इतकी चांगली हाताने काढलेली चित्रं क्वचितच दिसतात.

आपल्या नागपूरची अडचण खरी आहे की शेजारी जाऊन तुलनेसाठी नमुना उचलावा असा समुद्री खडक नाही, टाकळीचे इंटरट्रॅपियन थर (लाव्हाच्या थरांमधले गाळाचे थर) गोड्या पाण्याचे, सगळ्यात जवळ म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातलं झिलमिली, पण तिथे गाजले ते डॅनियन काळातले (पॅलिओसीनच्या सुरुवातीचे) तरंगते फोरम, तुमच्या कामाचे नाहीत. म्हणून डोळा तयार करायला कोकणात कोणी जात असेल तर खाडीतल्या खारफुटीचा वरचा चिखल थोडा मागवून घ्या, त्यात ट्रोकॅमिना, मिलिअॅमिना असे मिळतात, न दबलेले. तो चिखल वाळवू नका, ही नाजूक कवचं वाळली की कोसळतात, अल्कोहोलमध्ये ठेवून ओलेच बघा आणि त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका कारण ते सिमेंटच खातं. तुमच्या शेलला पेरॉक्साइड चालू शकतं, पण आधी केरोसीनची पद्धत करून बघा, पूर्ण वाळवलेला शेल केरोसीनमध्ये भिजवायचा, मग केरोसीन ओतून काढून पाणी घालायचं, बराचसा आपोआप सुटतो. चाळणी ६३ मायक्रॉनची, १२५ ची वापरली तर लहान जाती नाल्यात जातील. आणि दर नमुन्यानंतर चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा, म्हणजे आधीच्या नमुन्यातला अडकलेला दाणा निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात आला की कळतो. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवायचा मोह होतो, ४५ डिग्रीत तासाभरात वाळतं पण धूळही तेवढीच बसते, आणि या कामात धूळ म्हणजे तुमच्या फोरमचंच मटेरियल, म्हणून झाकून ओव्हनमध्ये ५० च्या आसपास वाळवा.

मोजताना नळ्यांच्या तुकड्यांचा हिशोब वेगळा ठेवा, एका नळीचे दहा तुकडे होतात आणि सगळे एकत्र मोजले तर टक्केवारी नळ्याच खाऊन टाकतात. आकारांवरून जगण्याची पद्धत सांगणारे जोन्स आणि चार्नॉक यांचे १९८५ चे मॉर्फोग्रुपही याच मोजणीवर चालतात, उभ्या नळ्या म्हणजे पाण्यातलं अन्न गाळून घेणारे, लांबट म्हणजे गाळाच्या आत राहणारे, वगैरे. वयासाठी मात्र सगळ्यांवर भरवसा ठेवू नका, अॅमोडिस्कस पॅलिओझोइकपासून आहे, त्यावरून काही ठरत नाही. रझेहाकिना एपिगोना दिसली तर क्रेटेशियसचा शेवट ते पॅलिओसीन अशी दिशा मिळते, कॉडॅमिना जायगँटिया मिळाली तर कॅम्पेनियन-मास्ट्रिक्टियनकडे, म्हणजे क्रेटेशियसच्या शेवटच्या दोन टप्प्यांकडे, बघा. अशा दोन-चार जाती शोधण्यात वेळ घाला, प्रत्येक गोळ्याला स्पीशीजचं नाव देण्यात नको.

आणि जिथे तोंड दिसत नाही तिथे जीनस लिहून पुढे एसपी. (स्पीशीज ठरली नाही) लिहा, एखाद्या स्पीशीजच्या जवळपास वाटत असेल तर सीएफ. (तिच्याशी ताडून बघा) लिहा, जीनसही पक्का नसेल तर प्रश्नचिन्ह लावा. यात कमीपणा काही नाही, चांगल्या पेपरांतही अर्धी यादी अशीच असते आणि पुढच्या माणसाला ती जास्त उपयोगी पडते.

तुम्ही ज्या नमुन्याला रिकर्व्हॉइडेस म्हणताय तो मला वर्णनावरून दबलेला हॅप्लोफ्रॅगमॉइडेसही वाटतो, पण तोंड बघितल्याशिवाय बोलणार नाही. एक कोरडा, एक ग्लिसरीनमध्ये ओला आणि एक तोंडाच्या बाजूने असे तीन फोटो स्केलसकट खाली कमेंटमध्ये टाका, मग सांगतो.