प्राचीन विटांच्या मंदिरांवरची नक्षी साच्यातली असते की कोरलेली?

दोन्ही प्रकार आहेत. ओळखायचं असेल तर विटांमधल्या दरजा (सांधे) बघा. छत्तीसगडमधल्या सिरपूरच्या लक्ष्मण मंदिरात चैत्यगवाक्षाची (घोड्याच्या नालेच्या आकाराच्या खिडकीसारख्या नक्षीची) कमान एका विटेवरून दुसरीवर सलग वळत जाते, मध्ये दरज आली तरी रेघ मोडत नाही. म्हणजे विटा भाजून, रचून झाल्यावर छिन्नी चालवलेली. त्यासाठी माती बारीक आणि खड्यांशिवाय हवी, वीट आतपर्यंत सारखी भाजलेली हवी. खडा लागला की नेमकी कड उडते. दरजाही अगदी बारीक लागतात, नाहीतर फुलाच्या पाकळीतूनच विटा जोडणाऱ्या मसाल्याचा पट्टा दिसतो. हे काम जवळून पाहिलं की दगडी कोरीवकामापेक्षा अवघड वाटतं.

कानपूरजवळच्या भितरगावला (5 वं शतक) मुख्य भर मृण्मय (भाजलेल्या मातीच्या) फलकांवर आहे. ते ओल्या मातीत घडवून, भाजून मग भिंतीत बसवलेले.

दोन्हींचा शत्रू लोणा, म्हणजे ओलीबरोबर विटेत येणारे क्षार. दरजा सिमेंटने भरल्या की ओल विटेतूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि नक्षीचाच पापुद्रा सुटतो. दुरुस्तीला चुनाच वापरावा.