गायब फर्मा आणि कानावरची पेशवाई

पेशवाईच्या इतिहासाच्या तुमच्या खंडात सोळा पानं दोनदा आली आणि पुढची सोळा गायब, हे वाचून जुनी जखम उघडली. बांधणीत एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा छापील जुडगा, दोनदा लागतो, दुसरा राहून जातो. माझ्या खंडात राहिला तो नेमका वसईच्या मोहिमेचा. चिमाजी अप्पांचा वेढा ऐन भरात, आणि पान उलटावं तर पुन्हा मागचीच जमवाजमव. 1739 मध्ये किल्ला पडला, ते पानच नाही.

प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे भरून घेतलेला संच होता. कार्यालयात गेलो तर म्हणाले, सवलतीतला संच बदलून मिळत नाही. बरं, तेवढा एक खंड विकत द्या. तर सुटे खंड विकत नाही. लेखी अर्ज दिला. साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या. असं करता करता आवृत्तीच संपली. नाव घेत नाही. पण पैसे मोजलेल्या वाचकाला त्याची पानं देणं म्हणजे उपकार नव्हेत. राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही: पैसे देण्याआधी दुकानातच पृष्ठक्रमांक तपासा. शेवटी सूची नसेल तर जाडजूड इतिहासग्रंथ घेऊच नका. गायब पानांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, मात्र आवृत्ती तीच हवी.

लोकलमध्ये हाच इतिहास ऑडिओबुकवर ऐकताना नावांचा गोंधळ होतो म्हणता, तो होणारच. बाजीराव दोन, माधवराव दोन, नानासाहेब मध्येच बाळाजी बाजीराव होतात, रघुनाथरावांचे राघोबा आणि दादासाहेब. पेशव्यांच्या वंशावळीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तारीख शकात आली तर त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौषात जानेवारी लागला की 79. शके 1682 ची पौष शुद्ध अष्टमी म्हणजे पानिपत, 14 जानेवारी 1761. तळटीपा सहसा वाचून दाखवत नाहीत, त्यामुळे वादाच्या मुद्द्यावर नुसतं ऐकून मत बनवू नका.

तरी ऐकणं सोडू नका. बखरीतली लांबलचक वाक्यं डोळ्यांना दमवतात, तीच चांगल्या वाचकाच्या आवाजात सुरेख उलगडतात. ती मुळात ऐकण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात. फक्त वेग दीडपट करू नका, सगळा ठेका जातो.