घर शाकाहारी आहे. मांजराला कोरड्या खाद्यावरून कच्च्या मांसावर किती दिवसांत आणता येईल?

तुमचं मांजर दोन वर्षांचं आहे, आजवर फक्त पॅकेटमधलं कोरडं खाद्य खाल्लंय, आणि परदेशातली माणसं फेरेटला (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) नि मांजरांना कच्चं मांस घालतात ते बघून तुम्हालाही तसं करायचंय. किती दिवस, तर माझ्या बोक्याला पाच आठवडे लागले. कसं केलं ते खाली सांगते. पण तुम्ही प्रश्नात 'घर शाकाहारी आहे' असं लिहिलंय ना, तिथंच मी थांबले, म्हणून आधी माझ्या पहिल्या मांजरीचं, मनीचं सांगते.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर पडलं नाही, पण भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि त्या घरात पुन्हा कुणी झोपलं नाही. काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, मग अण्णांनी लातूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. अण्णा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नव्हतं.

2009 च्या पावसाळ्यात मनी जिन्यात सापडली, मुठीत मावेल एवढी. अण्णांनी तिला घरात घ्यायला नाही म्हटलं नाही, फक्त घरात जे शिजतं तेच ती खाईल असं ठरलं. दूध-पोळी, दूध-भात, कधी साय. ती आवडीनं खायची. पोट अधूनमधून बिघडायचं, केस जरा राठ होते, पण मांजर म्हणजे असंच असेल असं आम्ही धरून चाललो. दार कायम बंद, तिसरा मजला, सिमेंटचं घर. दीड वर्षात तिनं एक पाल सोडली तर काही मारलं नसेल.

2011 च्या उन्हाळ्यात एके दिवशी ती फ्रिजच्या दारावर आपटली. ओट्यावरून फ्रिजवर उडी मारणं ही तिची रोजची वाट होती. आठ दिवसांनी पुन्हा आपटली. मग ती उडी मारायचीच बंद झाली, भिंतीला मिशा लावत चालायला लागली. मला वाटलं लागलं असेल कुठंतरी. एकदा भर दुपारी ती गॅलरीत उन्हात बसली होती आणि मी तिच्या तोंडाजवळ वाकले. मांजराची बाहुली उन्हात चिरीएवढी बारीक होते. हिची काळ्या मण्यासारखी गोल, पूर्ण उघडी, आणि आतून हिरवी चमक मारत होती. मी डोळ्यासमोरून हात फिरवला. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

डॉक्टरांनी खोलीत अंधार करून बॅटरी मारून बघितलं. काय खाते, किती दिवसांपासून, एवढंच विचारलं. मग म्हणाले, डोळ्यामागचा पडदा झिजलाय, हे आता परत येत नाही. नंतर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ठोके ऐकत बसले. हृदय अजून तग धरून आहे, आजच्या आज मांस सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. टॉरीन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हा शब्द तुम्ही नीट लक्षात ठेवा. टॉरीन हे पोषकद्रव्य धान्यात आणि भाजीत जवळजवळ नसतंच. माणूस आणि बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करतात, मांजराला ते जमत नाही. त्याला ते मांसातूनच मिळावं लागतं, सगळ्यात जास्त हृदयातून. 1975 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की केसिन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, मुख्य ठेवून पोसलेल्या मांजरांच्या डोळ्याचा पडदा टॉरीन न मिळाल्यानं झिजतो. मनी जिन्यात सापडली त्याच्या चौतीस वर्षं आधी हे माहीत झालेलं होतं. 1987 मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांमागेही टॉरीनचीच कमतरता दाखवली, आणि ती मांजरं बाजारचं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरीन वाढवलं. म्हणून तुमच्या पॅकेटला मी विष म्हणणार नाही. मनीला ते पॅकेट मिळालं असतं तर तिचे डोळे राहिले असते.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅलरीत एक जुना पाट ठेवला, तिथं एक पितळी ताटली ठेवली आणि म्हणाले, "इथं घाल. आत आणू नको." मी शिजवलेलं चिकन घालायला लागले. मनीला ताटली सापडायची नाही, ती वासावर इकडेतिकडे फिरत राहायची. मग अण्णा गॅलरीच्या दारात उभं राहून हातातल्या काठीनं ताटलीच्या कडेला टकटक करायचे आणि ती त्या आवाजावर यायची. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसानं हे रोज दोनदा केलं, मनी 2014 मध्ये गेली तोपर्यंत.

आणि माझा थोरला भाऊ दिवाळीला घरी आला, ती ताटली बघून म्हणाला, "माळकऱ्याच्या घरात मांजराला मटण घालायलीस? आजीच्या मांजरी दूध-भाकरीवर पंधरा-पंधरा वर्षं जगल्या. हिचे डोळे गेले ते हिचं नशीब." हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही.

आता तुमच्या कामाचं. दुसरं मांजर, गबरू, 2015 मध्ये पिल्लू असताना आलं आणि मी उलट्या टोकाला गेले. त्याला रोज फक्त बिनहाडाचं चिकन, तेही छातीचं. तीन महिन्यांत तो मागचा पाय उचलून चालायला लागला, कंबरेला हात लावला की ओरडायचा. एक्सरेमध्ये हाडं काचेसारखी फिकट. निव्वळ मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतं. मग शरीर हाडातून कॅल्शियम ओढून घेतं, आणि वाढत्या पिल्लात ते फार लवकर होतं. डॉक्टरांनी त्याला वर्षभर पॅकेटवर ठेवलं. पाय सुधारला. म्हणून सांगते, 'कच्चं मांस' म्हणजे चिकनचे तुकडे असं समजत असाल तर कृपा करून करू नका, पॅकेटच चालू ठेवा.

नीट करायचं असेल तर उंदीर डोळ्यासमोर ठेवा. मांजर उंदीर अख्खा खातं, हाड, काळीज, हृदय सगळ्यासकट. आपण ते वेगवेगळं आणून जुळवतो. साधारण दहा भागांत आठ भाग मांस आणि त्यातच हृदय, एक भाग हाड, एक भाग यकृत आणि गुर्दा मिळून. दुकानात कलेजी म्हटलं की यकृत देतात, हृदय हवं असेल तर 'दिल' म्हणून वेगळं मागा. आमच्याकडचे चिकनवाले चाचा दिल गिऱ्हाइकाला देतच नव्हते, आता माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. कलेजी मांजराला फार आवडते म्हणून वाढवत नेऊ नका, त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेची हाडं जुळून येतात. हाड कच्चंच, मानेचं किंवा पंखाचं, बारीक करून. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं, ते कधीही नको. हाड जमत नसेल तर अर्धा किलो मांसाला अंड्याच्या टरफलाची अर्धा चहाचा चमचा पूड. चार किलोच्या मांजराला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पुरतं.

मग गबरूला पॅकेटवरून मांसावर आणायला पाच आठवडे का लागले? कारण वर्षभर कुरकुरीत गोळ्या खाल्लेल्या मांजराला मांस हे अन्न वाटतच नाही. फेरेटवालेही हेच सांगतात, लहानपणी ज्याची चव लागली तेच त्यांना खाणं वाटतं. मी पहिले दहा दिवस गोळ्यांच्या शेजारी नुसता एक चमचा खिमा ठेवायचे. पिशवी कोमट पाण्यात धरून तो जरासा गरम करायचा, कारण फ्रिजमधलं गार मांस मांजर हुंगूनही बघत नाही. गोळ्यांचा चुरा वर भुरभुरवला तेव्हा त्यानं पहिल्यांदा जीभ लावली. मग दर तीन-चार दिवसांनी मांस वाढवायचं, गोळ्या कमी. शी पातळ झाली की दोन पावलं मागे. 'भूक लागली की खाईल' हे मांजराला लावू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचू शकते आणि त्यात ते मरूही शकतं. सवय लावायच्या नादात हे कुणीतरी तुम्हाला सुचवेलच, ऐकू नका.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. सध्या मी गबरूला कच्चं चिकन देत नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या होत्या, तेव्हा मी तो कोंबडीवाल्यांचा प्रश्न समजून सोडून दिला. 2025 च्या जानेवारीत आमच्याच उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले, आणि त्याच सुमाराला नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेल्याचं बाहेर आलं. वाघाला जे होतं ते मांजराला होतं. त्या आठवड्यापासून चिकन उकडून आणि कच्चं द्यायचं ते बोकडाचंच. उकडताना टॉरीन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, ताटलीतच घालायचं. घरात गरोदर बाई, तान्हं लेकरू किंवा आजारी माणूस असेल तर कच्च्या मांसाच्या वाटेला जाऊच नका. मांसातले साल्मोनेलाचे जंतू फ्रीझरमध्ये मरत नाहीत. आणि शाकाहारी घरात सुरी, पाट, डबा, सगळं वेगळं ठेवावं लागतं. ते रोज कोण घासणार हे आधी ठरवा, कारण चार दिवसांनी आईवर येऊन पडतं.

घरच्यांना कसं पटवायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्याकडेही कुणीतरी आजीच्या मांजरींचं नाव काढेल. काढलं तर त्यांना विचारा, आजीचं घर कसलं होतं.

दादा हे वाचेल, म्हणून त्यालाच लिहिते. दादा, आपल्या माळवदाच्या घरातलं धान्य साठवायचं बळद आठव. तळाची ज्वारी काढायला आजी मलाच आत उतरवायची, कारण तुझे खांदे त्या तोंडातून जात नव्हते. तू वरून कंदील धरायचास. ज्वारीत पाय ठेवला की पायाखालून उंदीर पळायचे, आणि एकदा कोपऱ्यात गुलाबी पिल्लांचं आख्खं घरटं निघालं तेव्हा मी ओरडले आणि तू कंदील सोडून पळालास. आजीनं मला वर काढलं आणि तिची ती कबरी मांजर आत सोडली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आली, आणि आजीनं समोर ठेवलेल्या दूध-भाकरीला तिनं तोंडही लावलं नाही.