अणुकेंद्रकाचं 'बाष्पीभवन' हा शब्द बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे की हाय एनर्जी न्यूक्लिअर रिअॅक्शनच्या मॉडेलमध्ये 'इव्हॅपोरेशन' नावाची पायरी येते, तिला मराठीत बाष्पीभवन म्हणायचं की नुसतं 'उत्सर्जन', कारण केंद्रकात पाणी कुठंय?

माझ्या मते बाष्पीभवनच म्हणावं, आणि ठामपणे म्हणावं. एक तर बाष्प म्हणजे फक्त पाण्याची वाफ नाही, पाऱ्याचं, अल्कोहोलचं बाष्पीभवन आपण सहज म्हणतोच की.

मुख्य कारण वेगळंय. १९४७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बरने मांडलं की शेकडो एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) प्रोटॉन केंद्रकात घुसला की त्याची तरंगलांबी इतकी छोटी असते की तो अख्ख्या केंद्रकाला नाही तर एकेका न्यूक्लिऑनला (केंद्रकातल्या प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) धडकतो, मग तो न्यूक्लिऑन पुढच्याला, असं करत काही कण बहुतेक पुढच्या दिशेने बाहेर फेकले जातात, हे सगळं साधारण १०^-२२ सेकंदात. याला कॅस्केड म्हणतात. (याला 'साखळी' मात्र म्हणू नका, फिशनच्या, म्हणजे केंद्रक फुटण्याच्या, साखळी प्रक्रियेशी गोंधळ होतो, 'टकरींची मालिका' चालेल.)

मागे उरलेलं केंद्रक तापलेलं असतं, म्हणजे खरंच तापमान काढता येतं, १ एमईव्ही म्हणजे जवळपास ११६० कोटी केल्विन! ती ऊर्जा सगळ्यांत वाटली गेलेली असते, अधूनमधून एखाद्या न्यूट्रॉनकडे योगायोगाने पुरेशी जमते, साधारण ८ एमईव्हीचं बंधन तोडण्याइतकी, आणि तो पृष्ठभागावरून निसटतो. मग बाकीचं केंद्रक थोडं थंड होतं. द्रवाच्या थेंबाचं गणित हुबेहूब हेच, आणि भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वाइसकॉफने १९३७ मध्ये ते तसंच मांडलं. हे न्यूट्रॉन सगळ्या दिशांना जवळपास सारखेच जातात, कारण आलेला प्रोटॉन कुठून आला ही आठवणच पुसली गेलेली असते.

'उत्सर्जन' म्हटलं की यातलं काहीच कळत नाही, गॅमा किरणांचंही उत्सर्जनच होतं आणि कॅस्केडमधून उडालेल्या प्रोटॉनचंही.

आणि शाळेत शिकलेला बाष्पीभवन-उत्कलन हा फरक इथे फार कामाचा आहे. दर न्यूक्लिऑनमागे काही एमईव्ही ऊर्जा गेली की एकेक कण निसटत बसत नाही, केंद्रकाचे एकदम अनेक तुकडे होतात, त्याला मल्टिफ्रॅगमेंटेशन म्हणतात आणि ते द्रव-वायू अवस्थांतराच्या भाषेतच अभ्यासतात. तिथे उत्कलनाची आठवण यावी, आणि 'बाष्पीभवन' फक्त एकेक कण सुटण्यासाठी राखून ठेवावा.